नाही म्हणायचं काम

फोन आला तेव्हा खुर्चीवाल्याच्या तोंडात सात खिळे होते.

गादीकाम करणाऱ्यांची ही सवयच असते. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळे ठेवायचे कुठे? ते तोंडात. जिभेने एकेक पुढे ढकलायचा, चिमटीत धरायचा आणि ठोकायचा. दुपारचे सव्वातीन झाले होते. दातांच्या डॉक्टरकडचं एक बाकडं त्याच्यासमोर उलटं पडलं होतं. फोनवर दवाखान्याचा नंबर दिसला, म्हणजे बायकोच असणार, म्हणून त्याने खिळ्यांसकट नुसतं "हं" केलं.

पलीकडे अपघात विभागातली धाकटी नर्स होती.

"दादा, ताईंना आणलंय."

ताई म्हणजे त्याची बायको. बावीस वर्षं ती त्याच विभागात जखमा धूत होती, टाके घालत होती. त्या दिवशी तिची सुट्टी होती. पण सुट्टीच्या दिवशी तिला कामावर बोलावून घेणं दवाखान्याला नवीन नव्हतं.

"सुट्टी आहे तिची," तो खिळ्यांच्या आडून म्हणाला.

"दादा, ताई कामावर नाही आल्या. ताईंना आणलंय. तुम्ही या."

मग त्याला कळलं. त्याने खिळे तळहातावर थुंकले. सहा निघाले. सातवा कुठे गेला ते त्याला आजवर कळलेलं नाही.

झालं होतं ते असं. त्यांच्या घरामागे दोन गल्ल्या होत्या, एक वरची, एक खालची. दोघींचं कधी पटलं नाही. कारण विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगायचा, आणि सगळी कारणं आजोबांच्या वेळची. त्या दिवशी वरच्या गल्लीतल्या एकाने खालच्या गल्लीतल्या एकाच्या दारात मोटरसायकल लावली. एवढंच. सकाळी शिवीगाळ झाली, दुपारी माणसं जमली, अडीच वाजता विटा निघाल्या. खुर्चीवाल्याची बायको दोन्ही गल्ल्यांना ओळखत होती. दोन्हीकडच्या डोक्यांना तिने टाके घातले होते. ती मधे जाऊन उभी राहिली. वीट कुणाला मारली होती कुणास ठाऊक, लागली तिच्या कानशिलावर.

"टाके घालायची वेळच आली नाही," डॉक्टर म्हणाले. ज्या टेबलावर ती बावीस वर्षं वाकून उभी राहिली, त्यावरच तिला ठेवलं होतं. बाकीच्या नर्सा भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

घरात दोघांचं काम तसं एकच होतं, टाके. तो गाद्यांना घालायचा, ती माणसांना. ती त्याला चिडवायची, तुमचं गिऱ्हाईक बरं, ओरडत नाही. पण सहा वर्षांपूर्वी एका रविवारी ती कामावरून आली आणि चप्पल न काढताच बसून राहिली. एकाच घरातल्या तिघांना तिने त्या दिवशी टाके घातले होते, आणि त्यातल्या एकाला त्याच वर्षात तिसऱ्यांदा.

"मला कंटाळा आलाय," ती म्हणाली.

"कामाचा?"

"नंतरच्या कामाचा. सरकार टाक्यांना दोरा देतं, सुई देतं, पगार देतं. टाके पडू नयेत म्हणून काय देतं?"

त्यातून मंडळी जमली. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, कोपऱ्यावरची बेकरीवाली, आणि ही. अधूनमधून आणखी कुणी येई, कुणी गळे. त्यांची मागणी सोपी होती. दोन गल्ल्यांच्या मधे, पूर्वी जिथे लाँड्री होती, तिथे सरकारने एक खोली उघडावी. वरच्या गल्लीतला एक आणि खालच्या गल्लीतला एक अशी दोन माणसं तिथे बसवावीत. भांडणं मिटवायचं नीट शिक्षण त्यांना द्यावं, पगार द्यावा. भांडण झालं की लोकांनी आधी तिथे जावं. बस.

अडीच वर्षं खेटे घातल्यावर सरकारने ती खोली चालवून बघितली. चौदा महिने ती चालली. त्या चौदा महिन्यांत त्या दोन गल्ल्यांतून अपघात विभागात एकही डोकं आलं नाही. मग वरून कागद आला, प्रयोग यशस्वी झाला, आता वाद होत नाहीत, सबब खोलीची गरज उरलेली नाही. खोलीला कुलूप लागलं. मास्तरांनी तो कागद अजून जपून ठेवलाय. असा कागद पुन्हा मिळायचा नाही, म्हणतात.

तेव्हापासून मंडळींनी पुन्हा खेटे सुरू केले होते. वीट पडली तेव्हा कुलपाला वीस महिने झाले होते.

या सगळ्यात खुर्चीवाल्याचं काम ठरलेलं होतं. नाही म्हणायचं काम.

मंडळींची एक पद्धत होती. कुठल्याही लोकप्रतिनिधीला भेटायला जायच्या आधीच्या रविवारी सकाळी तालीम. ती खुर्चीवाल्याच्या कारखान्यात, कारण बसायला मुबलक. दुरुस्तीला आलेल्या खुर्च्यांतली सगळ्यात भारी खुर्ची साहेबांची. त्यात साहेब म्हणून बसायचा खुर्चीवाला. समोर मंडळी. नियम तीन. पहिलं वाक्य आभाराचं. समोरच्याने आयुष्यात काहीतरी बरं केलेलं असतंच, ते शोधून काढायचं. दुसरा, जे बोललं जाईल ते मास्तरांनी जसंच्या तसं लिहायचं आणि उठायच्या आधी मोठ्याने वाचून दाखवायचं. तिसरा नियम फक्त साहेब झालेल्यासाठी. त्याने पाघळायचं नाही.

खुर्चीवाला पाघळला नाही. सुरुवातीला त्याला दोनच वाक्यं यायची. पण बायको प्रत्येक भेटीहून परतली की खऱ्या साहेबांनी काय काय सांगून वाटेला लावलं ते सांगायची, आणि तो ते लक्षात ठेवायचा. सहा वर्षांत त्याच्याकडे चांगला साठा झाला. तुमच्या भावना समजू शकतो. मागणी रास्त आहे, पण. आकडेवारी आणा. हा विषय माझ्या अखत्यारीत येत नाही. तो हे सगळं हात चालू ठेवून बोलायचा, पुष्कळदा तोंडात खिळे धरून. बायको म्हणायची, "अगदी तस्सेच बोलतात हो. दातांत काहीतरी धरल्यासारखे."

फक्त तालमीतच ती त्याला साहेब म्हणायची. एरवी अहो.

एकदा मंडळी उठून गेल्यावर ती समोरच्या स्टुलावर बसून राहिली. "साहेब," ती म्हणाली, "एकदा तरी हो म्हणा. कसं ऐकू येतं ते बघू दे."

"नाही म्हणायचंच काम दिलंयस," तो म्हणाला. "यंदा तरतूद नाही."

ती हसली होती. तो पण. आता ते आठवलं की तो हातातलं काम खाली ठेवतो.

ती गेल्यावर आठव्या दिवशी दोन गल्ल्यांच्या तोंडाशी खांब उभे राहिले. प्रत्येकावर दोन कॅमेरे. पंधराव्या दिवशी लाँड्रीच्या समोर पोलीस चौकीचा पाया खणायला सुरुवात झाली. जे सरकार एका खोलीसाठी सहा वर्षं आकडे मागत होतं, त्याने पंधरा दिवसांत एक अक्षर न विचारता एवढं केलं. आणि ते तिच्या नावाने केलं. वर्तमानपत्रात तिचा फोटो होता, खाली लिहिलं होतं, हिचं बलिदान वाया जाणार नाही.

"बलिदान कसलं?" खुर्चीवाला पेपर घडी घालून म्हणाला. "ती सुट्टीवर होती."

विसाव्या दिवशी मास्तर आणि बेकरीवाली आली. मास्तर उंबऱ्यावरच घुटमळले.

"अहो खुर्चीवाले, एक विचारायचं होतं. वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या बुधवारी अकराची वेळ मिळालेली आहे साहेबांची. अर्थसमितीतले आहेत ते. वहिनींनीच घेतली होती, दोन महिन्यांपूर्वी. रद्द करतो म्हणून कळवू का?"

"कशाला?"

"म्हणजे... बोलायच्या त्याच."

"मी बोलतो."

बेकरीवालीने पदराने नाक पुसलं. आतून मुलगी बाहेर आली. ती दुसऱ्या शहरात एका विमा कंपनीत होती, आईसाठी आलेली अजून परत गेली नव्हती.

"बाबा, पुरे आता," ती म्हणाली. "आई त्यातच गेली ना?"

"त्यात नाही गेली. ते बंद होतं म्हणून गेली."

"काय फरक आहे? ती मधे पडली नसती तर आज इथे बसलेली असती."

"असती," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाची तरी बायको गेली असती. आणि तुझ्या आईने तिला पुसून स्वच्छ केलं असतं आणि घरी येऊन चप्पल न काढता बसली असती."

मुलगी आत गेली. दार जरा जोरातच लागलं.

रविवारी तालीम ठेवली. पण साहेब कोण होणार? मास्तरांना लिहायचं होतं, म्हणून बेकरीवाली बसली. खुर्चीवाल्याने घसा साफ केला, एक आभाराचं वाक्य म्हटलं आणि मागणी सांगितली. बेकरीवालीचे डोळे भरून आले.

"मंजूर," ती म्हणाली.

"अहो, असं नाही करायचं."

"भाऊ, तुम्हाला नाही कोण म्हणणार? माझी जीभ नाही रेटत."

पुन्हा केलं. पुन्हा मंजूर. तिसऱ्यांदा तिने अर्ज न ऐकताच मान डोलावली. मास्तर म्हणाले, "बाई, तुमच्यासारखे चार जण समितीत असते तर सहा वर्षं चपला झिजल्या नसत्या." तालीम तिथेच संपली. साहेबांच्या खुर्चीतून नाही कसं म्हणायचं हे त्या मंडळींत एकालाच येत होतं, आणि त्याला आता समोर बसून मागायचं होतं. मागायची तालीम त्याची शून्य.

बुधवारी ते तिघे साडेदहालाच जाऊन बसले. मुलगी आली नाही. साहेबांचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. भिंतीला रांगेत रेक्झिनच्या खुर्च्या, त्यातल्या दोन खुर्च्यांच्या स्प्रिंगा गेलेल्या. अकरा पंचवीसला आत बोलावलं. सचिवाने सांगितलं, पंधरा मिनिटं.

आतल्या खुर्च्या चांगल्या होत्या, सागवानी, हिरव्या कापडाच्या. खुर्चीवाला बसायला वाकला आणि थांबला. खाली बघितलं. मग शेजारच्या खुर्चीखाली बघितलं.

"काही पडलं का?" साहेबांनी विचारलं. साठीचे, गोरटे, आवाज मऊ.

"यांचे पाय कापलेत."

"कसले?"

"समोरच्या तिन्ही खुर्च्यांचे. दोन बोटं. करवतीचा काप आहे, वरून पॉलिश मारलंय. तुमच्या खुर्चीचे नाही कापलेले."

साहेब सचिवाकडे बघू लागले, सचिव छताकडे. मास्तर आणि बेकरीवाली आधीच बसली होती आणि आता त्यांची हनुवटी टेबलाला लागल्यासारखी दिसत होती.

"आम्हाला अशाच मिळाल्या," सचिव म्हणाला.

"असेल. मी उभा बरा."

तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. त्यामुळे साहेबांना मान वर करून बोलावं लागलं, आणि ते त्यांना आवडलं नाही हे दिसलं. तरी त्यांनी सांत्वनाचं दोन मिनिटं बोलून घेतलं. मग पुढ्यातली एक फाईल उघडली.

"तुम्ही मागायच्या आधीच मी करून ठेवलंय बघा," ते म्हणाले. "गल्ल्यांपुढच्या त्या चौकाला ताईंचं नाव. नव्या चौकीलाही ताईंचं नाव. फलक तयार आहे, संगमरवरी दिसतो पण वजनाला हलका. येत्या रविवारी कार्यक्रम घेऊ. फीत तुमच्या हातून. कॅमेरे वाढवून बारा करतोय. तुम्ही फक्त हो म्हणा."

मास्तरांनी लिहिणं थांबवलं आणि वर बघितलं. बेकरीवालीनेही. पहिलं वाक्य आभाराचं, हा नियम. खुर्चीवाल्याने ते वाक्य पाठ केलं होतं. साहेबांनी एके काळी दवाखान्याला रुग्णवाहिका मिळवून दिली होती, त्याबद्दलचं. त्याने तोंड उघडलं.

"हे बघा," तो म्हणाला, "तुमच्या भावना मी समजू शकतो."

त्याला स्वतःलाच कळेना हे कुठून आलं. पण समोरचा माणूस काहीतरी मागत होता, आणि सहा वर्षं रविवारमागून रविवार, समोरचा मागायला लागला की त्याच्या तोंडून काय निघायचं ते ठरलेलं होतं. हातोडी जशी आपसूक खिळ्यावर पडते तशी पुढची वाक्यं पडू लागली.

"तुमचा प्रस्ताव रास्त आहे. पण."

"पण काय?" साहेब म्हणाले.

"चौकीमुळे भांडणं थांबतात, याची काही आकडेवारी आहे का?"

"आकडेवारी?"

"एखादा अहवाल. तज्ज्ञांचा. नुसतं तळमळीने सांगून कसं चालेल? उद्या प्रत्येक गल्ली उठून चौकी मागेल."

बेकरीवालीने त्याची बाही ओढली. "भाऊ," ती पुटपुटली, "ते साहेब आहेत. तुम्ही आपले आहात." पण त्याला ते ऐकू आलं नाही, किंवा आलं तरी थांबता आलं नाही.

"शिवाय प्राधान्यक्रम असतो," तो म्हणाला. "आधी एका ठिकाणी करून बघू. चालली तर बंद करू."

साहेबांचा चेहरा लाल व्हायला लागला. मऊ आवाज गेला.

"अहो, काय बोलताय तुम्ही? आकडेवारी कसली मागता? तुमच्या घरातलं माणूस गेलंय. अजून किती जायला हवीत म्हणजे तुमचा अहवाल पुरा होईल? काही गोष्टी आकड्यांची वाट बघत बसल्या की उशीर होतो. आधी तरतूद करायची असते, मग मोजत बसायचं."

"हा विषय," खुर्चीवाला शांतपणे म्हणाला, "माझ्या अखत्यारीत येत नाही."

"अखत्यारीत येत नाही? दारात रक्त पडलं की तो प्रत्येकाच्या अखत्यारीतला विषय होतो."

हे वाक्य खुर्चीवाल्याने ऐकलं आणि त्याची वाक्यं संपली. हे त्याला ओळखीचं होतं. त्याच्या बायकोचं नव्हे, पण तिच्याच जागेवरून आलेलं. स्टुलावर बसून ती अशीच लाल व्हायची, अशीच पुढे वाकायची. आणि तो एक खिळा ठोकून म्हणायचा, बघू.

त्याने वळून मास्तरांकडे बघितलं. मास्तर लिहीत होते. चाळीस वर्षं शुद्धलेखन घातलेला हात, एक काना सुटत नव्हता.

सचिवाने घड्याळ दाखवलं. मास्तर उठले. "पद्धतीप्रमाणे वाचून दाखवतो," ते म्हणाले आणि चष्मा नीट केला. "बुधवार, अकरा छत्तीस. साहेब म्हणाले: काही गोष्टी आकड्यांची वाट बघत बसल्या की उशीर होतो. आधी तरतूद करायची असते, मग मोजत बसायचं. साहेब म्हणाले: दारात रक्त पडलं की तो प्रत्येकाच्या अखत्यारीतला विषय होतो. बरोबर आहे का साहेब? काही सुटलं असेल तर सांगा."

साहेबांनी मास्तरांच्या कागदाकडे बघितलं. मग हसले, पण ते हसू नीट बसलं नव्हतं.

"हे मी चौकीबद्दल म्हटलं."

"चौकी काढा, खोली घाला," खुर्चीवाला म्हणाला. "वाक्य तेच राहतं."

"तुम्ही ठरवून आला होतात."

"नाही साहेब. ठरवून आलो होतो ते रुग्णवाहिकेबद्दल आभार मानायचं. ते राहिलंच. आभारी आहे." त्याने खुर्चीच्या पाठीवरचा हात काढला. "मी काय मागतोय ते आता सांगतो. लाँड्रीच्या खोलीचं कुलूप काढा. दोन माणसं नेमा. ती खोली उघडी असती तर मोटरसायकल अकरा वाजता हलली असती. अडीच वाजता वीट आली. मधे साडेतीन तास होते, आणि जायला जागा नव्हती, म्हणून ती गेली. तुमचे बारा कॅमेरे होते असं धरा. त्यांनी काय केलं असतं? वीट येताना बघितली असती."

"आणि फलक?"

"तिचं नाव चौकीला नको. चौकाला नको. ज्याच्याविरुद्ध ती सहा वर्षं बोलली त्याच्यावर तिचं नाव लावू नका."

"विरुद्ध म्हणजे? पोलिसांच्या?"

"पोलिसांच्या नाही. नंतरच्या कामाच्या."

साहेबांनी फाईल मिटली. "समितीपुढे विषय मांडतो," ते म्हणाले. "मांडतो म्हणालो. मंजूर होईल असं म्हणालो नाही. तेरा जण आहोत आम्ही."

"मांडतो असं लिहू ना?" मास्तरांनी विचारलं.

"लिहा," साहेब म्हणाले. "तुम्ही काय, लिहिणारच."

जिन्यात बेकरीवाली कठड्याला धरून थांबली. हसतेय की रडतेय ते तिलाही सांगता आलं नसतं. "भाऊ, मला वाटलं तुम्हाला भ्रम झाला. मी मनात म्हटलं, याला आता उचलून न्यावं लागणार."

"मलाही तसंच वाटलं," तो म्हणाला.

रविवारी कार्यक्रम झाला नाही. पण सोमवारी सकाळी मुलगी दूध आणायला गेली होती ती परत आली आणि दारातच म्हणाली, "बाबा, लावलाय."

फलक चौकात, कॅमेऱ्याच्या खांबावर, डोक्याच्या वर दोन हातांवर लावला होता. मोठं नाव, खाली तारीख, त्याखाली साहेबांचं नाव सौजन्याने. खुर्चीवाल्याने चहा पूर्ण प्यायला. कारखान्यातून घडीची शिडी आणि पेचकस घेतला.

"कुठे निघालात?"

"चार स्क्रू आहेत."

"बाबा, तिथे कॅमेरा आहे."

"माहीत आहे. त्यासाठीच भांग पाडला."

भर सकाळी, दहाच्या सुमाराला, शाळेची मुलं जात असताना, दोन्ही गल्ल्यांतली माणसं दारात येऊन उभी असताना त्याने शिडी लावली. वर चढून त्याने आधी कॅमेऱ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि मग पहिला स्क्रू फिरवला. स्क्रू काढला की ठेवायचा कुठे? सवयीने तोंडात ठेवला. चौथा स्क्रू घट्ट बसला होता. त्याने जोर लावला तशी शिडी हलू लागली. मग ती हलायची थांबली. त्याने खाली बघितलं. एका बाजूने वरच्या गल्लीतल्या पेंटरने शिडी धरली होती. दुसऱ्या बाजूने त्याच्या मुलीने.

फलक त्याने कापडात गुंडाळला, स्क्रू पुडीत बांधले आणि दोन्ही गोष्टी साहेबांच्या कार्यालयात नेऊन दिल्या. सचिवाकडून पोच घेतली. दुपारी पोलीस ठाण्यातून फोन आला.

"शासकीय फलक तुम्ही काढलात का?"

"हो."

"कॅमेऱ्यात तुमच्यासारखं कुणीतरी दिसतंय."

"मीच आहे. नीट दिसतोय ना?"

पलीकडे हवालदार होता. "माझ्या हाताला टाके घातले होते तुमच्या मिसेसनी," तो म्हणाला. "पुन्हा शिडीबिडीवर चढू नका या वयात. ठेवतो."

साहेबांनी शब्द पाळला. विषय समितीपुढे गेला. मास्तरांनी त्या दोन वाक्यांची तेरा पाकिटं केली होती, तीही सगळ्यांना पोचली. पाच जण हात वर करू म्हणाले, साहेबांना धरून. सात लागतात. मग कुणीतरी वेळ कमी असल्याचं निदर्शनास आणलं आणि मतदान पुढच्या बैठकीवर ढकललं.

मुलीने सुट्टी वाढवून घेतली. परवाच्या रविवारी मंडळी जमली तेव्हा ती आतून आली आणि साहेबांच्या खुर्चीत बसली. दातांच्या डॉक्टरची नवी आरामखुर्ची होती, काळं रेक्झिन, आदल्याच दिवशी पुरी झालेली. तिने एक पाय दुसऱ्यावर टाकला.

"बोला," ती म्हणाली. "माझ्याकडे दहा मिनिटं आहेत."

खुर्चीवाला स्टुलावर बसला. त्याने आभार मानले. मागणी सांगितली. मुलीने सगळं ऐकून घेतलं, नखं बघितली.

"तुमच्या घरात जे झालं त्याचं मला वाईट वाटतं," ती म्हणाली. "पण एका कुटुंबाच्या दुःखावर सरकारी धोरण ठरत नाही."

मास्तरांचं पेन थांबलं. हे वाक्य साठ्यात नव्हतं. विमा कंपनीतून आलं होतं, नवंकोरं. बेकरीवालीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने नियम मोडला नाही.

खुर्चीवाला उठला, एक फेरी मारली, परत येऊन बसला.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

तिने पुन्हा म्हटलं. आवाज जरासा हलला, पण ती पाघळली नाही.

अजून आठ जणांना भेटायचं आहे. त्यांतल्या तिघांनी वेळ दिलेली नाही. मुलीच्या त्या वाक्याला उत्तर सापडलेलं नाही. लाँड्रीच्या खोलीला अजून कुलूप आहे.